वाचल्यासारखं

वीणा: अवो, झालं का वाचून? सिस्टर दोनदा डोकावून गेल्या.

आप्पाजी: वाचतोय.

वीणा: कवापास्नं पहिल्याच पानावर हायसा. एवढ्यात भव्याचा अख्खा धडा झाला असता.

आप्पाजी: सहीचा कागद हाय. नीट बघून करायची असती.

वीणा: बघा बापडे. पण माझा नंबर चौदा आणि आत बारावी बाई गेली. आज हुकलं तर परत पुढच्या म्हैन्याची पाळी व्हायची वाट बघत बसा. पीजी हॉस्टेलच्या मॅडमनी रजा देताना केवढं तोंड केलं ठावं हाय न्हवं? चाळीस पोरींच्या चपात्या आज त्यांनाच लाटाव्या लागणार.

आप्पाजी: वीणा, ही टेस्ट करायलाच पायजे का?

वीणा: म्हंजे?

आप्पाजी: लई दुखतं म्हणत्यात. मोबाईलवर बघितलं मी.

वीणा: पिशवीत औषध सोडून नळ्यांचा फोटो काढायचा, तर दुखणारच की. पाच वर्सं गोळ्या खाल्ल्या, तोंड सुजलं, सुया टोचून पोटावर निळे डाग पडले. तवा न्हाई इचारलासा दुखतं का म्हणून. आज एकदम माया दाटून आली?

आप्पाजी: आजच न्हाई.

वीणा: असू दे. मला एकदा कळू दे तरी माझ्यात काय खोट हाय. भव्या झाली, चांगली गुटगुटीत झाली. मग पुढं काय झालं माझ्या कुडीला? आई म्हणत्यात, बेंगळूरला गेली आणि कूस आटली हिची.

आप्पाजी: आईचं काय मनावर घेतीस.

वीणा: न घेऊन कसं? गेल्या म्हैन्यात अभिजीत भावजींच्या बाळाचं बारसं झालं निपाणीला. मी पाळण्याजवळ गेले तर म्हणाल्या, वीणा, तू जेवणाचं बघ जा. समद्या बायकांच्या देखत. तुमी तितंच खुर्चीवर बसलेलासा. मान खाली घालून लाडू खात व्हतासा.

आप्पाजी: व्हय.

वीणा: म्हणून म्हणते, करा सही. फोटोत दिसंल ते दिसंल. निदान पान तरी उलटा.

आप्पाजी: वीणा, मला हे वाचता येत न्हाई.

वीणा: चष्मा इसरला?

आप्पाजी: चष्मा खिशात हाय. मला कानडी वाचता येत न्हाई.

वीणा: चेष्टा करायची जागा हाय का ही?

आप्पाजी: चेष्टा न्हाई करत.

वीणा: अवो, सोळा वर्सं झाली तुमाला ह्या गावात. कंडक्टरशी भांडता तवा मलाच वाटतं, ह्यो माणूस जन्मजात कानडी हाय. घरमालक तुमाला अण्णा म्हणतो.

आप्पाजी: बोलता येतंय. अक्षर येत न्हाई. एक बी.

वीणा: मग लाईटचं बिल?

आप्पाजी: आकडे इंग्रजी असत्यात.

वीणा: बसच्या पाट्या?

आप्पाजी: नंबर बघतो. के. आर. पुरमच्या समद्या बसचे नंबर पाठ हाईत.

वीणा: आणि भव्याच्या शाळेच्या चिठ्ठ्या? त्या तर तुमी मला धडाधडा वाचून दाखवता.

आप्पाजी: आधी मंजुनाथला फोटो पाठवतो, वर्कशॉपातल्या. त्यो बोलून पाठवतो. मी संडासात जाऊन ऐकतो आणि मग तुझ्याम्होरं वाचल्यासारखं करतो.

वीणा: अकरा वर्सं माझ्याम्होरं असं नाटक?

आप्पाजी: सुरवातीला सांगायचं राहिलं. मग सांगायची लाज वाटाया लागली.

वीणा: शाळेत तर असतंय की कानडी. आमच्या शाळेत न्हवतं, आमचं गाव पलीकडं कागलात. तुमचं तर कर्नाटकातच.

आप्पाजी: तास व्हता. पण आबांचं तुला ठावं हाय. सीमेच्या मोर्चात पयल्या रांगेत. कानडीचं पुस्तक घरात आलं की चुलीत जायचं. पेपरला गुरुजी फळ्यावर उत्तरं लिहून द्यायचे, आमी चित्र काढल्यागत उतरवायचो. पस्तीस मार्कं पडायची. आबा गावात सांगायचे, माझ्या पोरानं कानडीचं एक अक्षर शिकलं न्हाई, आणि मला बी तवा त्याचा अभिमान वाटायचा. हितं आलो तर पयल्या दिवशी वर्कशॉपात इचारलं, निपाणीचा हायस न्हवं, मग कानडी येतंय ना? येतंय म्हणालो. ते येतंय म्हणालो तवापास्नं धरून बसलोय.

वीणा: एवढंच व्हय? मला वाटलं काय डोंगर कोसळला. मला तरी कुठं वाचता येतंय? द्या ठोकून सही. समदे लोक न वाचताच करत्यात.

आप्पाजी: तशीच ठोकली व्हती एकदा.

वीणा: कुठं?

आप्पाजी: भव्याच्या वेळेला.

(सिस्टर दारातून विचारते, तिच्याशी सगळं बोलणं कानडीत.)

सिस्टर: वीणा आप्पाजी तुम्हीच ना? फॉर्म झाला का, सर? स्वल्प लवकर करा. तेरा नंबर आत गेला.

आप्पाजी: पाच मिनिटं, सिस्टर.

सिस्टर: सरी. सही दोन्ही पानांवर हं.

वीणा: भव्याच्या वेळेला काय?

आप्पाजी: तुला आठवतंय किती?

वीणा: मला काय आठवणार. बीपी चढलं, डोळ्याम्होरं अंधार आला. शुद्धीवर आले तवा भव्या बाजूला आणि टाके पडलेले.

आप्पाजी: तुला आत नेलं आणि एक बाई आली. हातात कागद, गळ्यात चिमट्यानं लावलेलं पेन. इचारलं, कितवं बाळंतपण? मी म्हणालो, दुसरं.

वीणा: मग दुसरंच की ते. बाळ व्हता न्हवं आधी. अकरा दिवस का असंना, व्हता.

आप्पाजी: तेच. व्हता एवढं मी सांगितलं. गेला हे न्हाई सांगितलं.

वीणा: का?

आप्पाजी: आईनं गावाकडनं फोनवर बजावलं व्हतं. ती टेबलावर असताना गेलेल्याचं नाव काढायचं न्हाई, अभद्र बोलायचं न्हाई. आपल्यात पाळत्यातच ते. मी बी पाळलं. त्या बाईला वाटलं, एक पोरगं घरी हाय, हे दुसरं. ती म्हणाली, मग दोन साकु, अल्वा? पुरे झाली ना?

वीणा: आणि तुमी?

आप्पाजी: मी सरी म्हणालो, बरं म्हणतो तसं.

वीणा: सरी म्हणालासा.

आप्पाजी: मला वाटलं, उगंच बोलायचं म्हणून बोलते. बसमधली माणसं बी म्हणत्यात, दोन पुरे. माझं समदं ध्यान आत, तुझ्याकडं. मग तिनं कागद पुढं केले. चार पानं व्हती. म्हणाली, वाचा आणि सही करा. वाचता येत न्हाई असं म्हणायला पायजे व्हतं. तोंडापातूर आलं व्हतं. पण बाजूला आणखी दोघं उभे, त्यांच्याम्होरं तिनं मला सर म्हटलेलं.

वीणा: मग वाचल्यासारखं केलंसा.

आप्पाजी: व्हय. एकेक पान धरून थांबलो. माणसाला वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा. तिसऱ्या पानाला मान बी हालवली. मग सही केली चारी पानांवर.

वीणा: काय व्हतं त्यात?

आप्पाजी: सिझरचं व्हतं. आणि...

वीणा: बोला की.

आप्पाजी: सिझर करतानाच नळ्या बांधल्या त्यांनी.

वीणा: कुणाच्या?

आप्पाजी: तुझ्या.

वीणा: माझ्या.

आप्पाजी: मला म्हाईत न्हवतं, वीणा. देवाशपथ न्हवतं.

वीणा: देवाला मधी घेऊ नका.

आप्पाजी: बरं.

वीणा: पाणी द्या त्या बाटलीतलं.

आप्पाजी: घे.

वीणा: तेरा नंबर बाहेर आला का?

आप्पाजी: न्हाई अजून.

वीणा: तुमाला कवा कळलं?

आप्पाजी: ह्या डॉक्टरीणबाईंनी जुनं कार्ड मागितलं न्हवं का? बाळंतपणाचं, तायी कार्ड.

वीणा: ते घर बदलताना हरवलं. तुमीच सांगितलासा त्यांना.

आप्पाजी: हरवलं न्हाई. माळ्यावरच्या ट्रंकेत व्हतं, तुझ्या चोळखणाच्या खाली. भव्या बाजूला बसलेली. तिला आता दिसंल ते वाचायचा नाद लागलाय, बिस्किटाचा पुडा असो की दुकानाची पाटी. तिनं कार्ड हातात घेतलं आणि बोट ठेवून वाचाया लागली. तायीय हेसरु, म्हंजे आईचं नाव, वीणा. मग तारीख, वजन. मागच्या पानावर एक खूण केलेली व्हती, तितं अडखळली. सं-ता-न-ह-र-ण. मग पुढं शस्त्रचिकित्से.

वीणा: संतानहरण.

आप्पाजी: अक्षर मला येत न्हवतं. शब्द तर आपलाच निघाला. ऐकला आणि कार्ड तिच्या हातातनं काढून घेतलं मी. पोरगी इचारते, पप्पा, हरण म्हंजे सीतेला पळवून नेलं तसं का?

वीणा: म्हणून व्हय.

आप्पाजी: काय?

वीणा: म्हैनाभर पोरगी माझ्यामागं लागली व्हती. मम्मी, तुझं कुणी काय पळवलं का? मी हसले. म्हणाले, माझं काय हाय पळवण्यासारखं. तुमी तिला सांगू नको म्हणून दटावलं व्हतं?

आप्पाजी: म्हणालो, दवाखान्याचं असतंय, मम्मीला इचारू नको.

वीणा: आठ वर्सांच्या पोरीला बी तुमच्यात ओढलं.

आप्पाजी: व्हय.

वीणा: बारशाच्या आधी का नंतर?

आप्पाजी: काय?

वीणा: ते कार्ड वाचलं तिनं, ते बारशाच्या आधी का नंतर?

आप्पाजी: आधी.

वीणा: किती आधी?

आप्पाजी: चार दिवस.

वीणा: मग त्या खुर्चीवर बसलेलासा तवा तुमाला ठावं व्हतं.

आप्पाजी: व्हय.

वीणा: आईंनी मला पाळण्याजवळनं उठवलं, मी भटारखान्यात जाऊन भात ढवळत बसले, डोळ्याला पदर लावून धुराला नाव ठेवलं, तवा तुमाला ठावं व्हतं.

आप्पाजी: उठावं वाटलं व्हतं. समद्यांच्या देखत सांगून टाकावं असं दोनदा वाटलं.

वीणा: लाडू गोड व्हता?

आप्पाजी: वीणा.

वीणा: त्याच्यानंतर सुया किती घेतल्या मी?

आप्पाजी: पाच.

वीणा: चांगलं ध्यानात हाय.

आप्पाजी: मीच तर आणत व्हतो मेडिकलातनं. बर्फाच्या पिशवीत घालून. पाची वेळेला ठरवलं, आज सांगायचं. तू पोट पुढं करून डोळे मिटून घ्यायचीस आणि पुटपुटायचीस, ह्या खेपेला तरी. मग मी बर्फाची पिशवी रिकामी करायला मोरीत जायचो.

वीणा: आणि रोज डबा घेऊन कामाला जात व्हतासा.

आप्पाजी: कार्ड बी डब्याच्या पिशवीतच हाय. तवापास्नं. घरी ठेवलं तर तुला सापडंल म्हणून बरोबर घेऊन फिरतो. वर्कशॉपात जेवायला बसलो की वर तेच येतं हाताला. पयलं ते काढायचं, मग भाकरी.

वीणा: आत्ता हाय?

आप्पाजी: हाय.

वीणा: द्या हिकडं.

आप्पाजी: हे. मागच्या पानावर. ही खूण.

वीणा: एवढीशी खूण. हळदीचा डाग वाटला असता मला. ह्याच्यापायी मी सौंदत्तीच्या देवीच्या डोंगरावर अनवाणी चढले. शेजारच्या कस्तुरी वहिनींनी सांगितलं म्हणून सोळा सोमवार केले. तुमी खिचडी खायला घालत व्हतासा मला.

आप्पाजी: ते आधीचं, वीणा. तवा मला बी आस व्हती. सोमवारी मी बी जेवत न्हवतो, तुला सांगितलं न्हाई एवढंच.

वीणा: सांगत कायच न्हाई तुमी. चांगलं बी न्हाई आणि वाईट बी न्हाई.

आप्पाजी: मला मार, शिव्या दे. पण अशी हळू बोलू नको.

वीणा: न वाचता सही केलीसा, त्याला मी एकवेळ चूक म्हणीन. घाबरलेला माणूस, बायको आत, होतंय. बाळाचं न्हाई सांगितलं, ते बी आईंचं ऐकून. पण ह्यो म्हैना? ह्यो तुमचा एकट्याचा. तुमची लाज झाकायला माझ्या पोटात सुया. आणि आज मला आत पाठवून औषध सोडायला लावलं असतंसा.

आप्पाजी: न्हाई. म्हणून तर सही करत न्हवतो. पाऊण तास झाला पेन हातात हाय.

वीणा: फोन लावा.

आप्पाजी: कुणाला?

वीणा: आईस्नी.

आप्पाजी: संध्याकाळी घरी जाऊन लावतो. निवांत बोलतो.

वीणा: तुमची संध्याकाळ होईपातूर पाच सुया झाल्या. आत्ता लावा.

आप्पाजी: हॅलो, आई. व्हय, दवाखान्यातच हाय. न्हाई, टेस्ट झाली न्हाई अजून. आई, थांब, आधी माझं ऐक. वीणात काय खोट न्हाई. कुणी शिकवलेलं न्हाई, मीच बोलतोय. भव्याच्या वेळेला मी न वाचता सही केली आणि तिच्या नळ्या बांधल्या. तिला कुणी इचारलं न्हाई. व्हय, न वाचता. मला कानडी वाचता येत न्हाई, आई. आबांचं नाव काढू नको, सही आबांनी केली न्हाई. बारशाला ठावं व्हतं मला. व्हय, ठावं असून गप बसलो. तू तिला उठवलंस तवा बी. हॅलो? बरं. बरं, ठेवतो.

वीणा: काय म्हणाल्या?

आप्पाजी: जाऊ दे.

वीणा: काय म्हणाल्या?

आप्पाजी: म्हणाली, झालं ते झालं, आता हे आणिक कुणाला सांगत बसू नका. चार लोकांत शोभा व्हईल.

वीणा: माझी पाच वर्सं झाली की शोभा. तवा चार लोक न्हवते का?

आप्पाजी: मी रविवारी जातो निपाणीला. अभिजीतला, त्याच्या बायकोला, समद्यांना समोर बसवून सांगतो.

वीणा: जाणार असाल तर जा. मी बघायला येणार न्हाई.

आप्पाजी: आणि आपलं?

वीणा: आपलं काय?

आप्पाजी: तू आणि मी.

वीणा: ते मला आत्ता इचारू नका. आत्ता मला ह्या बाकावरनं उठता आलं तरी लई झालं.

सिस्टर: चौदा. चला अम्मा. फॉर्म द्या, सर. हे काय, सही नाही अजून?

वीणा: सिस्टर, आधी हे कार्ड बघा. मागचं पान.

सिस्टर: ऑपरेशन झालंय तुमचं? मग डॉक्टरांना का नाही सांगितलं? इतके दिवस इंजेक्शनं कशाला घेतलीत?

वीणा: मला आत्ता कळलं.

सिस्टर: आत्ता म्हणजे?

वीणा: ह्या बाकावर. दहा मिनिटं झाली असतील.

सिस्टर: अय्यो. बसा तुम्ही, बसा. मी डॉक्टरांना कार्ड दाखवते.

वीणा: सिस्टर, बांधलेलं परत जोडता येतंय का?

सिस्टर: कधी येतं, कधी नाही. नळी किती उरली आहे त्यावर असतं. ते बघायला हा फोटो लागतोच बहुतेक, पण डॉक्टर सांगतील. तुम्हाला हवंय का जोडून?

वीणा: ठाऊक न्हाई. आजवर मला कुणी हे इचारलंच न्हवतं. फोटो काढते. मग मी ठरवीन.

सिस्टर: सरी. मग फॉर्मवर यजमानांची सही घेऊन ठेवते.

वीणा: आत मी जाणार हाय. पयली सही माझी. ह्यांची लागत असंल तर खाली घ्या.

सिस्टर: चालेल. इथे करा.

वीणा: मला कानडी वाचता येत न्हाई, सिस्टर. ह्यांना बी येत न्हाई. पयल्या ओळीपास्नं वाचून दाखवा.

सिस्टर: एवढंच ना? मग आल्या आल्या सांगायचं, अम्मा. मी रोज दहा जणांना वाचून दाखवते. ऐका.

वीणा: हळू वाचा. आणि तुमी, मधी सरी म्हणू नका.